सुपरकॅपॅसिटर: डबे झाले, आता साउंडचं इंजिन

माझ्या मॉडेल रेल्वेच्या प्रवासी डब्यांत बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर, म्हणजे थोडा वेळ पुरेल एवढी वीज साठवणारे कॅपॅसिटर, बसवण्याचं काम पूर्ण झालं. एकाही डब्यात आता बॅटरी नाही, आणि रुळांच्या सांध्यांवरून, जिथे करंट क्षणभर तुटतो, गाडी कितीही हळू नेली तरी आतले दिवे मिटमिटत नाहीत. फार समाधान वाटतंय!

प्रत्येक डब्यात 2.7 व्होल्ट, 1 फॅरडचे दोन सुपरकॅपॅसिटर सिरीजमध्ये आहेत. क्षमता निम्मी होऊन 0.5 फॅरड राहते, पण 5 व्होल्टवर निर्धास्त चालवता येतात. एलईडी पट्टी 10 मिलिअँपिअर घेते. हिशेबाने 5 वरून 3.2 व्होल्टपर्यंत उतरायला दीड मिनिट लागतं, आणि व्होल्टेजबरोबर करंटही घटत असल्याने मंद उजेड त्यानंतरही टिकतो.

चार्जिंगच्या वाटेत 100 ओहमचा रेझिस्टर हवाच. रिकामा सुपरकॅपॅसिटर म्हणजे पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टच. आठ डब्यांची गाडी एकदम रुळांवर ठेवली तर बूस्टर (रुळांना वीज पुरवणारं यंत्र) ट्रिप होऊ शकतो. रेझिस्टरमुळे दर डब्याला सुरुवातीला 50 मिलिअँपिअरच जातात. पूर्ण चार्ज व्हायला चारेक मिनिटं लागतात, ती लागू द्यावीत. परतीच्या करंटसाठी रेझिस्टरला समांतर शॉट्की डायोड लावला आहे. साध्या डायोडवर 0.7 व्होल्ट जातात, आणि एवढ्या कमी व्होल्टेजमध्ये ते परवडत नाहीत.

आता इंजिन. साउंड बोर्डावर (इंजिनाचे आवाज काढणाऱ्या सर्किटवर) 8.4 व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी होती. गाडी महिनोन्‌महिने कपाटात राहिली की ती पूर्ण उतरते आणि एखादा सेल कायमचा जातो. खरं पाहता तिचं काम काही सेकंदांचंच: रुळांचा करंट तुटला की आवाज चालू ठेवायचा आणि प्रोसेसरला नीट बंद होऊ द्यायचं. तेवढ्यासाठी 150 मिलिअँपिअर-तासांचा साठा कशाला?

बदल करण्याआधी बॅटरी काढून चार्जिंगच्या पिनांवर मल्टिमीटर लावा, ही माझी कळकळीची विनंती. बॅटरी जोडलेली असताना ती व्होल्टेज दाबून धरते. काढली की ते वर चढतं. माझ्या बोर्डावर 11 व्होल्ट आले. चार कॅपॅसिटरची मर्यादा 10.8, म्हणून पाच लावले. क्षमता 0.2 फॅरड, प्रत्येकावर 2.2 व्होल्ट. हा भार सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येकाला 100 किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडला आहे. बोर्ड 150 मिलिअँपिअर घेतो आणि 6 व्होल्टपर्यंत तग धरतो, म्हणजे साडेसहा सेकंद मिळतात. इंजिनाची घरघर थांबण्याचा आवाज त्यात शेवटपर्यंत पूर्ण ऐकू येतो.

5.5 व्होल्टचे नाण्याच्या आकाराचे कॅपॅसिटर जागेला सोयीचे वाटतात, पण त्यांचा अंतर्गत रेझिस्टन्स बऱ्याचदा कित्येक ओहम असतो. दिव्यांना चालतील, स्पीकर आणि मोटरला नाहीत. तिथे उभे, दंडगोल प्रकारचेच घ्या.

राहिलं ते डीसीसी डिकोडरचं इंजिन, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचणारी चिप असलेलं. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंगसाठीच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही, म्हणजे डिकोडरमधली सेटिंग्ज, वाचताना कॅपॅसिटरचा चार्जिंग करंट अडथळा आणतो, म्हणून त्याच्या वाटेत एक छोटा स्लाइड स्विच घालणार आहे. बॉयलरखाली जागा मोजून ठेवली आहे. पाच कॅपॅसिटर एका ओळीत बसतात, स्विच मात्र टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) न्यावा लागेल.