दानाचा आकडा आणि मुद्दल

31 मे, मालवण

उद्यापासून दोन महिने मासेमारी बंद. होड्या वर ओढून झाल्या, झापांनी शाकारल्या. कोकणात मे महिना गावबैठकांचाही असतो. चाकरमानी परत जायच्या आत देवळाच्या जीर्णोद्धाराची यादी पुरी करायची असते, आणि ती वाचताना सर्वांत मोठ्या आकड्याला टाळ्या पडतात. त्या टाळ्यांतून निघालेला प्रश्न आजच्या पानावर उतरवतो आहे: अफाट श्रीमंत माणूस चांगला असू शकतो का?

असू शकतो, असं मला मनापासून वाटतं. पण टाळ्या पडतात त्या जागी त्याचा चांगुलपणा शोधून सापडत नाही.

आधी साधं गणित. समजा एखाद्याची मालमत्ता 1000 कोटींची आहे आणि ती वर्षाला 6 टक्क्यांनी वाढते. म्हणजे वर्षाला 60 कोटी, महिन्याला 5 कोटी, दिवसाला सुमारे साडेसोळा लाख. त्याने तालुक्यात 5 कोटींचं रुग्णालय बांधून दिलं, तर महिन्याभरात तो होता तिथेच परत येतो. मासळीबाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईने तीन लाखांच्या साठवणीतून तीन हजार दिले, तर तिने एक टक्का दिला आणि तो भरून काढायला तिला पुन्हा पहाटे लिलावाला उभं राहावं लागतं. हजार कोटींचा एक टक्का दहा कोटी होतो. तो दोन महिन्यांत आपोआप भरतो, मुद्दलाला धक्काही लागत नाही.

हेच पुढे नेऊन पाहिलं. ह्या माणसाला दहा वर्षांत आपली संपत्ती खरोखर निम्मी करायची असेल, तर दरवर्षी किती द्यावे लागतील? वाढ तीच धरली तर वर्षाअखेरीला सुमारे 98 कोटी, सलग दहा वर्षं. वर्षाला 60 कोटी दिले तरी तो फक्त जागच्या जागी राहतो. (महागाई आणि कर ह्यात धरलेले नाहीत.) म्हणून 2010 साली अमेरिकेत गेट्स आणि बफे ह्यांनी निम्मी संपत्ती देण्याचा जो संकल्प मांडला, आणि 2013 मध्ये अझीम प्रेमजी ज्यात सामील झाले, त्याकडे मी आदराने बघतो. तिथे निदान वाटा मोजला जातो.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचं, वेगळंच. नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, ह्यांपैकी एक जरी मर्यादा गाठली तरी 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात. पैसा कंपनीचा, सक्ती कायद्याची. उद्घाटनाला हार मात्र मालकाच्या गळ्यात पडतो.

ह्याहून महत्त्वाचं, पैसा आला कुठून. आपल्या किनाऱ्यावर हे तपासायला फार लांब जावं लागत नाही. सातबारा घ्यायचा, त्यावरचा फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) क्रमांक बघायचा, तो फेरफार काढायचा आणि त्यावरची तारीख प्रकल्पाच्या अधिसूचनेच्या तारखेशेजारी ठेवायची. सड्यावरची (कातळपठारावरची) वरकस, म्हणजे हलकी जमीन अधिसूचनेच्या वर्ष-दोन वर्षं आधी, एकाच वेळी, अनेक गटांत आणि गावाबाहेरच्या नावांनी विकत गेलेली दिसली, तर प्रश्न विचारायला जागा आहे. बहुतेक सातबारे सामाईक असतात. वीस-पंचवीस वारस, निम्मे मुंबईत. दलाल आधी गरजू वारस गाठतो, त्याचा अविभक्त हिस्सा घेतो, मग उरलेल्यांना सांगतो की वाटपाचा दावा लागला तर तुमची उमर जाईल. कागद सगळे कायदेशीर असतात. पण विकणाऱ्याला त्या जमिनीचं उद्या काय होणार ते ठाऊक नसतं आणि घेणाऱ्याला असतं. नफा ह्या अंधारातून आलेला आहे. त्यातल्या पैशाने गावात शाळा बांधली तरी त्या वारसाचा हिस्सा परत येत नाही.

समुद्रातही तेच. रापणीत जाळं होडीतून अर्धवर्तुळ टाकतात, दोन्ही टोकांचे दोर काठावरून माणसं ओढतात, आणि मिळकत हातांच्या हिशोबाने वाटली जाते. पर्ससीनचं जाळं अख्ख्या थव्याला वेढा घालतं. तळाच्या कड्यांतला दोर ओढला की बटव्यासारखं तोंड मिटतं, आणि बांगडा, पेडवे एका नौकेत जातात. 2016 च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत त्याला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला 2017 पासून बंदी आहे. मुदतीबाहेर किंवा दिवे लावून मिळवलेला पैसा काठावर रिकाम्या येणाऱ्या रापणीतून गेलेला असतो. तो क्रिकेटच्या चषकाच्या रूपाने परत आला, तरी ते देणं फिटत नाही.

इथे खोतांची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जुन्या वतनदारांची, आठवण येतेच. खोत वाईटच असत असं नाही. पावसाळ्यात कुळाची कणगी रिकामी झाली की भात द्यायचे, आजारपणात गाडी जुंपून द्यायचे. पण तेच भात सवाई-दिढीने परत जायचं, पिकाचा अर्धेल-तिर्धेल (निम्मा किंवा तिसरा हिस्सा) ठरलेला आणि वर वेठ. माणूस मऊ असला तरी बेरीज तीच यायची. 1933 ते 1939 अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी जमिनी न कसता संप चालवला, 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि शेवटी 1949 चा कायदा आला. दयाळू खोताच्या दयेने खोती संपली नाही. जो खोत स्वतःहून कुळाचं नाव लावून देईल त्याला मी निःशंक चांगला म्हणेन, कारण तो आपली पकड सोडतो.

म्हणूनच रत्नागिरीचे भागोजीशेठ कीर मला जवळचे वाटतात. गरिबीतून वर आलेले, मुंबईतले मोठे कंत्राटदार. 1931 साली त्यांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत मोकळं. त्या काळात ह्या पैशाने मान वाढण्याइतकाच रोष येण्याचा संभव होता. जुन्या देवळाला सोन्याचा कळस चढवणं कितीतरी सोपं होतं.

देणगी बिघडते कुठे, तेही लिहून ठेवतो. रुग्णवाहिका घ्या. चोवीस तास चालवायची तर तीन पाळ्या आणि सुट्टीचा एक, असे चार चालक लागतात. अठरा हजारांप्रमाणे महिन्याला 72 हजार, वर्षाला 8 लाख 64 हजार. डिझेल, विमा, टायर वेगळे. गाडी देणारे पुष्कळ, चालकाचा पगार दहा वर्षं देणारा विरळा, कारण पगारावर नाव रंगवता येत नाही. मग गाडी आंब्याखाली उभी राहते, बॅटरी उतरते आणि बाळंतीण रिक्षाने जाते. इमारतीचंही असंच. खोल्या आहेत, नर्स नाही.

आणि ट्रस्ट. धर्मादाय कार्यालयातून पीटीआर (सार्वजनिक ट्रस्टांच्या नोंदवहीचा) उतारा काढून विश्वस्तांची नावं वाचावीत. नवरा, बायको, दोन मुलगे, एक मेहुणा असतील, तर पैसा घराबाहेर गेलेलाच नाही, फक्त त्याचं खातं बदललं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. ते अर्जही चाळावेत. गावातली आरोग्यसेविका, निवृत्त शिक्षक, रापणीचा तांडेल अशी नावं त्यात आली का? आली असतील, तर त्यांनी देणगीदाराच्या मर्जीविरुद्ध ठराव केल्यावर पुढच्या वर्षीचा चेक वेळेवर आला का, ते बघावं.