आमची वाटचाल : मनोरे, बोल्ट आणि क्लोव्हर

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागात, किकापू नदीच्या खोऱ्यात, आमचा व्यवसाय २००४ च्या वसंतात सुरू झाला. उंच पायांवरचे लाकडी बॉक्स ब्लाइंड, म्हणजे शिकाऱ्याला लपून बसण्याच्या खोल्या, बांधून देणे आणि त्यांच्यासमोर हरणांसाठी फूड प्लॉट, म्हणजे त्यांना चरायला पिकाचे तुकडे, पेरून देणे, ही दोन्ही कामे एकत्र घेणारे तेव्हा या खोऱ्यात आमच्या पाहण्यात दुसरे कोणी नव्हते. आज तशी जाहिरात करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतील एकाने तर ‘या भागातील पहिले’ अशी अक्षरे आपल्या ट्रकवर रंगवून घेतली आहेत. त्या गृहस्थांविषयी पुढे लिहिणारच आहे.

मी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर. मॅडिसनला मृदाशास्त्राचे पुढील शिक्षण घेऊन एका सहकारी संस्थेच्या बियाणे-खत विभागात नोकरीला लागलो होतो. आदल्या हंगामात माउंट होरेबजवळ मारलेल्या हरणांना क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना खंगवून मारणारा रोग असल्याचे फेब्रुवारी २००२ मध्ये निष्पन्न झाले आणि त्यानंतर दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये आमिष म्हणून मका टाकण्यावर बंदी आली. एका ढिगावर हरणांची तोंडे एकत्र येतात आणि रोग पसरतो, हे त्यामागचे कारण. पेरलेल्या पिकावर मात्र बंदी नव्हती. ज्यांनी आयुष्यभर मक्याची पोती ओतली, ते शिकारी आमच्या काउंटरवर येऊन क्लोव्हर हे चाऱ्याचे पीक कसे पेरायचे असे विचारू लागले, आणि त्यांच्याशी बोलता बोलताच नोकरी सोडण्याचा विचार पक्का झाला. शिकारीशी माझा त्याआधी काहीही संबंध नव्हता. ज्वारीच्या शेतात पाखरे राखण्यासाठी घातलेल्या माळ्यावर लहानपणी बसलो होतो, एवढाच काय तो उंचावर बसण्याचा अनुभव. गावाकडचे नातेवाईक आजही या धंद्याविषयी आडून आडून विचारतात. त्यांना मी हरणांनी फस्त केलेल्या सोयाबीनची छायाचित्रे पाठवतो.

लाकूडकामाची बाजू भागीदारांनी सांभाळली. ते आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचे सुतार आहेत आणि त्यांचे नाव वा छायाचित्र आमच्या कोणत्याही पत्रकावर कधीच आले नाही, कारण त्यांना ते चालत नाही. त्यांच्या वस्तीत वीज घेतलेली नाही. कार्यशाळेच्या मागे एक डिझेल इंजिन आहे. त्याच्यावर फिरणाऱ्या लांब दांड्यावरून पट्टे येतात आणि त्या पट्ट्यांवर करवत व रंधा चालतो. भोके पाडण्याचे आणि बोल्ट आवळण्याचे यंत्र दाबलेल्या हवेवर चालते. त्यांच्याकडचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे हत्यार, त्यांच्या वडिलांचा आहे. दररोज सकाळी ते फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून पेन्सिलीने एक रेघ मारतात, मग गुण्या पालथा करून त्याच जागी दुसरी रेघ मारतात. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तरच कामाला हात लागतो. पहिल्या वर्षी मला हा वेळेचा अपव्यय वाटे. पुढे इतरांनी बांधलेले, खिडक्या अडकणारे आणि दारे घासणारे ब्लाइंड दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा तसे वाटणे बंद झाले.

खिडकीच्या उंचीच्या बाबतीतही त्यांची पद्धत वेगळी आहे. ग्राहकाने आपली नेहमीची खुर्ची घेऊन कार्यशाळेत यायचे, त्या खुर्चीवर जाड कोट घालून बसायचे आणि झाडूचा दांडा बंदुकीसारखा खांद्याला लावायचा. भागीदार दांड्याखाली फळी सरकवतात आणि भिंतीवर खूण करतात. खिडकीची चौकट त्या खुणेवर बसते, मग आराखड्यात आकडा काहीही असो. झडप आत वर उघडते, दोरीने टांगली जाते आणि तिच्या कडेला नमदा चिकटवलेला असतो, म्हणजे नोव्हेंबरच्या गारठ्यातही ती करकरत नाही. आतून गडद रंग, तळाला पाऊण इंची प्लायवूड आणि त्यावर गालिचा. शिडीच्या पायऱ्या मात्र व्हाइट ओकच्याच. हे लाकूड महाग पडते, म्हणून आम्हाला पुष्कळदा टोमणे ऐकावे लागले आहेत.

आता बोल्टविषयी. या धंद्यातील मंडळींना आठवत असेल, की आर्सेनिक व क्रोमियमयुक्त द्रावण मुरवलेले जुने लाकूड २००३ अखेर घरगुती वापराच्या बाजारातून गेले आणि त्याजागी तांब्याचे प्रमाण अधिक असलेले नवे लाकूड आले. ओल मिळाली, की हे तांबे साध्या पोलादाला आणि जस्ताच्या पातळ मुलाम्याला खाते. म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलेच बोल्ट आणि कंस (लाकडे जोडणारे धातूचे ब्रॅकेट) वापरावे लागतात. आम्ही पहिल्या दिवसापासून तीच मागणी लेखी नोंदवत होतो. प्रत्येक मागणीपत्राची प्रत माझ्या पत्नीच्या फाइलमध्ये आजही आहे. पुरवठादाराने पाठवलेले बोल्ट दिसायला तसेच, मळकट करड्या रंगाचे होते.

ऑगस्ट २००७ मध्ये खोऱ्यात प्रचंड पाऊस झाला, खाली गेज मिल्स गावात पाणी शिरले, आणि त्याच आठवड्यात उतारावरचा आमचा एक मनोरा एका अंगाला कलला. आत कोणी नव्हते, ही देवाची कृपा. भागीदारांनी खालच्या कंसाच्या बोल्टला पाना लावला, तर डोके पान्यातच तुटून आले. बाहेर दिसणारा भाग ठीक होता. लाकडाच्या आतला दांडा मात्र निम्म्याहून अधिक झिजलेला होता आणि भोकातून तांबूस भुगा गळत होता. दुसऱ्या मनोऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. परीक्षणासाठी पाठवलेल्या बोल्टांचा अहवाल आला, की जस्ताचा थर मागणीच्या मानाने अगदीच नाममात्र असून तो बुडवून दिलेलाच नाही.

पुरवठादाराचे उत्तर एका ओळीचे होते : बिलावर ‘गॅल्व्हनाइज्ड’ असे लिहिले आहे, कोणत्या पद्धतीने ते लिहिलेले नाही. मागणीपत्रात ते स्पष्ट होते, याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. विमा कंपनीने हा सदोष मालाचा प्रश्न असल्याचे सांगून हात वर केले. ला क्रॉसच्या वकिलांनी कागद पाहून दावा भक्कम असल्याचे सांगितले, परंतु कोर्टात जाणे भागीदारांच्या पंथात बसत नाही. त्यांनी मला अडवले नाही. एवढेच म्हटले, की तुम्हाला जायचे असेल तर आधी माझे नाव व्यवसायातून काढा. मी गेलो नाही. तो निर्णय मला आजही पटलेला नाही आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. ज्याने आम्हाला बुडवायला काढले, तो पुरवठादार त्यानंतरही त्याच नावाने, त्याच गोदामातून माल विकत राहिला.

बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधील सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो; त्या वर्षी तो १७ नोव्हेंबरला होता. बांधलेले सर्व मनोरे त्यापूर्वी सुरक्षित करायचे आणि त्याचे पैसे कोणाकडून घ्यायचे नाहीत, असे आम्ही ठरवले. घर पुन्हा गहाण पडले. माणसे ठेवण्याइतके पैसे नव्हते, तेव्हा भागीदारांच्या वस्तीतील माणसे न बोलावता आली. धान्याचे कोठार उभारायला जमतात तशी ती पहाटे रस्त्यावर उभी असत, आणि त्यांना मोटार चालवणे वर्ज्य असल्याने मी व्हॅनने त्यांना टेकडी-टेकडीवर पोहोचवत असे. पद्धत एकच होती : तळाखाली जॅक लावून भार उचलायचा, एका वेळी एकाच पायाचे बोल्ट काढायचे, भोक गिरमिटाने साफ करायचे, नवा बोल्ट बसवायचा, ओळंबा धरून पाहायचा आणि मगच दुसऱ्या पायाकडे वळायचे. घाई करून दोन पाय एकदम सोडण्याचा मोह होतो, करू नये. हंगामाच्या आधी शेवटचा मनोरा पुरा झाला. पुढच्या जूनमध्ये खोऱ्यात पुन्हा पूर आला, तेव्हा आमचा एकही मनोरा हलला नाही. ही बातमी मात्र कोणी छापली नाही.

छापले गेले ते वेगळेच. सुरुवातीला उल्लेख केलेले ट्रकवाले गृहस्थ, जे पूर्वी बियाण्यांचे विक्रेते म्हणून आमच्या कार्यशाळेत कॉफी प्यायला बसत, ते २००८ च्या वसंतात मॅडिसनच्या शिकार-प्रदर्शनात साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या ब्लाइंडचे विक्रेते म्हणून उभे राहिले. त्यांच्या दालनात आमच्या कललेल्या मनोऱ्याचे मोठे केलेले छायाचित्र होते आणि खाली ‘लाकडावर विश्वास ठेवायचा का?’ असा प्रश्न. नाव दिलेले नव्हते, पण ओळखणाऱ्यांनी ओळखले. त्या खोक्याच्या खिडकीची दोरी आणि नमदा कोणाकडून उचलला, हे मी सांगायला नको. त्या दिवशी आमच्या दालनासमोर एक निवृत्त दूधउत्पादक, आमचे पहिले ग्राहक, स्वतःची घडीची खुर्ची टाकून संध्याकाळपर्यंत बसले होते. कललेला मनोरा त्यांचाच होता. जो कोणी त्या छायाचित्राचा विषय काढी, त्याला ते सांगत, की मनोरा माझा आहे, तो आता सरळ उभा आहे आणि मला त्याचे बिल आलेले नाही. असा ग्राहक जाहिरातीवर खर्च करून मिळत नाही.

पुढची बारा-तेरा वर्षे काम चालू राहिले, कर्ज फिटले, त्यांत सांगण्यासारखे फारसे नाही. मे २०२१ मध्ये लाकडाचा वायदेभाव हजार बोर्ड फुटांना १,६०० डॉलरच्या वर गेला, तेव्हा आधी ठरवलेल्या दराच्या ऑर्डरी तोटा सोसून पुऱ्या केल्या. उन्हाळ्याअखेर भाव उतरले. बोल्टच्या प्रकरणापुढे ते काहीच नव्हते.

फूड प्लॉटविषयी दोन शब्द, कारण तो माझा विभाग आहे आणि त्यात लोक पैसे वाया घालवताना मला पाहवत नाही. पिशवीवरचा मोठ्या शिंगांचा नर पाहून बियाणे घेऊ नये. पिशवीवरची चिठ्ठी वाचावी. स्वस्त मिश्रणात रायग्रास हे गवत भरलेले असते, तर हरणांना हवी असते ती धान्याची राय, जी सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरली तर बर्फ पडेपर्यंत हिरवी राहते. बियाण्यापूर्वी माती तपासावी. सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास नसेल, तर आधी चुना टाकावा आणि त्याला मुरायला काही महिने द्यावेत. आम्लधर्मी जमिनीत महागडा क्लोव्हर पेरणारे माझे म्हणणे ऐकून घेतात आणि पुढच्या वर्षी चुना मागायला येतात. क्लोव्हरचे बी पाव इंचाहून खोल जाऊ देऊ नये आणि ते रायझोबियम जिवाणू लावलेले असावे. राहुरीला हरभऱ्यासाठी जे शिकलो, तेच इथे उपयोगी पडले. सलगम आणि मुळा जुलैअखेर ते मध्य ऑगस्ट या काळात पेरावा. कडक थंडी पडली, की त्यांच्या पानांत गोडी उतरते आणि तोवर पाहूनही न पाहिल्यासारखी करणारी हरणे तिकडे वळतात.

प्रत्येक प्लॉटमध्ये आम्ही तारेच्या जाळीचा एक गोल पिंजरा ठोकतो. ऑक्टोबरमध्ये पिंजऱ्याच्या आत क्लोव्हर पोटरीपर्यंत वाढलेला असतो आणि बाहेर तो बोटभर उंचीवर कुरतडलेला असतो. ‘माझ्याकडे हरणे येतच नाहीत’ म्हणणाऱ्या ग्राहकाला तिथे उभे केले, की पुढचे बोलणे सोपे जाते. ब्लाइंडची जागा वाऱ्यावरून ठरवावी, दृश्यावरून नाही. इथे नोव्हेंबरचा वारा बहुधा पश्चिम-वायव्येचा असतो, म्हणून मनोरा प्लॉटच्या पूर्वेला आणि त्याकडे जाणारी वाट प्लॉट न ओलांडणारी. बंदूक घेऊन शिडी चढू नये. ती रिकामी करून, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यावी. आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये प्रत्येक पायाचा निदान एक बोल्ट काढून त्याचा आतला भाग पाहावा, मनोरा कोणीही बांधलेला असो.

भागीदार आता जड खांब उचलत नाहीत. ते काम त्यांचे दोन मुलगे करतात आणि गुण्या सकाळी तेच पालथा करतात. गेल्या काही हंगामांत एक नवे काम वाढले आहे. ती प्लॅस्टिकची खोकी मोठ्या दुकानांतून पुष्कळ विकली गेली. पाणी आत येत नाही आणि वजन कमी, हे त्यांचे गुण मी मान्य करतो. परंतु त्यांच्यासोबत येणारे नळ्यांचे पाय टेकडीवरच्या वाऱ्यात डुलतात आणि वर बसलेला माणूस बंदूक स्थिर धरू शकत नाही. असे ग्राहक आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांची खोकी उतरवून आमच्या लाकडी पायांवर, प्रमाणपत्र असलेल्या बोल्टांनी बसवून देतो. यंदा त्या ट्रकवाल्या गृहस्थांनीच आपल्या ग्राहकांसाठी अशा पायांची एकगठ्ठा चौकशी केली आणि व्यापारी सवलत मागितली. पत्नीने फाइल पाहून त्यांना पूर्ण दराचे, निम्मी रक्कम आगाऊ मागणारे कोटेशन पाठवले आहे.