फुटबॉलनंतर मुलगा गळून गेला तर

मे महिन्यात गोव्यात घाम सुकतच नाही. त्यामुळे मैदानावरून आलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या अंगातून किती पाणी गेले, ते अंगावरून कळत नाही. लघवी बघायला सांगा: गडद पिवळी आणि थोडीच होत असेल तर पाणी कमी पडले आहे. ह्या वयात मुले हे आपणहून सांगत नाहीत, विचारावेच लागते.

जुलाब-उलट्या असतील तर नुसते पाणी पुरत नाही, मीठही भरून यावे लागते. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात, ही नेहमीची चूक. मीठ जास्त झाले की अपाय होतो. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा, मग घोटघोट द्या. मीठ घातलेली पातळ पेज उत्तम. कोल्ड्रिंक नको, साखरेने जुलाब वाढतात.

आठ तास लघवी नाही, पोटात काहीच टिकत नाही, शौचात रक्त, उभे राहताच भोवळ: लगेच दवाखाना गाठा. अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले तर १०८ ला फोन करा, सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपत असताना तोंडात काही घालू नका.