आईची कंबर आणि चवताळलेल्या पेशी

आज आईला घेऊन सदाशिव पेठेत फिजिओथेरपीला. गाडी लावायला जागा शोधण्यात २५ मिनिटं, मशीनवर २०! कमरेला टेन्सचे (त्वचेवरून विजेचे हलके झटके देऊन दुखणं कमी करायचं मशीन) चार पॅड चिकटवले तशी आई म्हणाली, "अगं, मुंग्या चावतायत की गुदगुल्या होतायत, कळेना."

शेजारी बसून मी वाचत होते. मज्जारज्जूत वेदनेचं एक दार असतं आणि स्पर्शाच्या संवेदना आल्या की ते अर्धवट मिटतं, हे मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलं. टेन्सची गोष्ट तिथेच संपते, असं मला वाटायचं. पण मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशीही असतात. नस दुखावली की त्या चवताळतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात. जखम भरली तरी ठणका मागे राहतो, त्यात यांचाही हात. स्पंदित रेडिओफ्रिक्वेन्सी नावाच्या दुसऱ्या एका उपचारात नसेजवळ सुई घालून तिच्या टोकाशी तापमान ४२ अंशांच्या वर जाऊ न देता विजेची स्पंदनं देतात, म्हणजे नस जाळत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानंतर या पेशी निवळलेल्या दिसल्या. माणसांतला पुरावा मात्र अजून तोकडा आहे.

आईला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे माझ्याच पेशी माझ्यावर उठल्यात? घरातल्यांसारखंच की!"

मग खाली अमृततुल्यात दोन चहा. जिना मात्र धरूनच उतरली.