मशीनला जागा देता का जागा?

आज अर्धा दिवस भांडुपच्या गाळ्यांमध्ये फिरण्यात गेला. माझी दोन एस-१९ मायनिंग मशीन्स, म्हणजे बिटकॉइन मिळवण्यासाठी दिवसरात्र आकडेमोड करणारे संगणक, बेडरूममधून हलवायची आहेत. एकाचा आवाज ७५ डेसिबल. शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, "अरे, पिठाची गिरणी टाकलीस का?"

एक मशीन ३,२५० वॅट खातं, म्हणजे दिवसाला ७८ युनिट, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. दीड टनाचा एसी जेमतेम दीड मशीनला पुरतो.

पहिल्या गाळेवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, "कूलर लावू की साहेब!" पाण्याचा कूलर, मुंबईत, जुलैमध्ये! हवा आधीच ओलीचिंब, पाणी उडणार कुठे? वर तो दमटपणा बोर्डवर बसून गंज चढणार तो वेगळाच. दुसरीकडे पंखे दणदणीत होते, पण गरम हवा बाहेर टाकायची आणि आत घ्यायची खिडकी एकच. मशीन आपलाच उच्छ्वास परत ओढत बसणार. वीज गेली तर काय, यावर मालक नुसता हसला.

तिसरा माणूस मात्र आवडला. त्याने भाडं सांगण्याआधी मशीन्सना एकूण किती वीज लागेल ते विचारलं आणि वेगळा सबमीटर दाखवला. दर ऐकून घाम फुटला, तो भाग निराळा. एप्रिल २०२४ पासून ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा नोंदवण्यामागे, ३.१२५ बिटकॉइनच मिळतात, वर ३० टक्के कर, आणि त्यात विजेचा खर्च वजा होत नाही.

रविवारी थर्मामीटर घेऊन पुन्हा जाणार आहे. तोवर काकूंना गिरणीच सांगितली आहे.