‘हॉलमार्क’मधला हॉल: लंडनच्या सोनारांच्या घरात एक सकाळ

आई लंडनजवळच्या स्लाउला आमच्याकडे आली तेव्हा तिच्या यादीत बकिंगहॅमचा राजवाडा, टॉवर ब्रिज आणि कोहिनूर एवढंच होतं. गोल्डस्मिथ्स हॉल मी घुसवला. "दागिन्यावर हॉलमार्क असतो ना, तो शब्द ज्या हॉलवरून आला तो दाखवते चल," म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. तिचं माहेर कोल्हापूरच्या गुजरीपासून, म्हणजे सराफ बाजारापासून, पाच मिनिटांवर. सोन्याचा विषय निघाला की तिचे गुडघे दुखायचे थांबतात.

पहिल्या खेपेला मात्र फजिती झाली, आणि ती सर्वस्वी माझ्यामुळे. संग्रहालयासारखं कधीही जाता येईल असं धरून एका मंगळवारी गेलो, तर दार बंद. ही वास्तू सोनारांच्या कंपनीचं, म्हणजे त्यांच्या जुन्या संघाचं, राहतं घर आहे. तिथे त्यांच्या बैठका होतात, मेजवान्या होतात आणि धातूचा कस तपासायचं कामही चालतं. बाहेरच्यांसाठी वर्षातले मोजकेच दिवस ठेवलेले असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या तारखा बघून आगाऊ तिकीट काढायचं, आणि ती तिकिटं भराभर संपतात. दुसरा मार्ग शरद ऋतूतल्या गोल्डस्मिथ्स फेअरचा. तेव्हा कारागीर स्वतः आपापले दागिने मांडून बसलेले असतात, त्यामुळे इमारत आणि माणसं दोन्ही बघता येतात. पाहुणे येणार असतील तर आधी या तारखा बघा, मग विमानाची तिकिटं.

आता रस्ता. सगळीकडे सेंट पॉल्स स्टेशन सांगतात, कारण हॉल कॅथीड्रलच्या मागेच, फॉस्टर लेनमध्ये आहे. पण त्या स्टेशनात फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट नाही. आम्ही स्लाउहून एलिझाबेथ लाइनने थेट फॅरिंग्डनला उतरलो, बार्बिकनच्या बाजूच्या लिफ्टने वर आलो आणि स्मिथफील्डच्या बाजाराजवळून चालत गेलो. आईच्या चालीने वीस मिनिटं लागली. तुम्ही दहा-बारा धरा.

बाहेरून इमारत भारदस्त आहे, पण गल्ली एवढी अरुंद की नीट बघायला मागे सरकावं तर पाठ समोरच्या भिंतीला टेकते. आजची वास्तू फिलिप हार्डविकने बांधलेली, 1835 ची. या जागेवरचा हा तिसरा हॉल. जागा मात्र सोनारांकडे 1339 पासून आहे. पाया खणताना, 1830 मध्ये, इथे एक रोमन वेदी सापडली. तिच्यावर शिकारी देवता कोरलेली आहे, बहुधा डायाना. आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्याकडे असती तर आत्तापर्यंत शेंदूर लागला असता."

आत शिरल्यावर समोर जिना येतो. रंगीबेरंगी संगमरवराचा, आणि कठड्याच्या खांबांवर सॅम्युअल निक्सनने घडवलेली चार ऋतूंची चार मुलं. खरं सांगायचं तर मला हा थाट जरा जास्तच वाटला. वरच्या मोठ्या दालनातली झुंबरं मात्र आवडली. अशी चार, प्रत्येकात 48 मेणबत्त्यांची जागा. "पुसतं कोण?" हा आईचा पहिला प्रश्न.

खरी मजा हॉल फिरवून दाखवणाऱ्या बाईंच्या बोलण्यात होती. 1300 साली इंग्लंडच्या राजाने कायदा केला की सोन्या-चांदीचा कस तपासल्याशिवाय माल विकायचा नाही, आणि तपासलेल्या मालावर बिबट्याचं तोंड उमटवायचं. तेव्हा तपासनीस सोनारांच्या दुकानोदुकानी फिरत. 1327 मध्ये कंपनीला राजाची सनद मिळाली. 1478 पासून उलटं झालं: सोनारांनीच माल हॉलवर आणायचा, इथे तपासून घ्यायचा आणि ठसा मारून न्यायचा. हॉलवरचा ठसा, म्हणून हॉलमार्क. वर्षाचं अक्षर मारायची पद्धतही तेव्हाचीच, म्हणजे खोट निघाली तर कोणत्या साली कोणी तपासलं ते सापडावं.

कारागिरांच्या अशा संघाला आपल्याकडे जुना शब्द आहे, श्रेणी. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या शिलालेखात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणींकडे पैसे व्याजाने ठेवल्याचं कोरलेलं आहे. त्या श्रेणी गेल्या, ही अजून नांदते आहे. काम तेच: आपल्याच धंद्यातल्या माणसाचं सोनं आपणच तपासायचं. सोनारानेच कान टोचावेत, म्हणतात ना.

सोनं तपासायची जुनी रीत आईने दोनदा समजून घेतली. दागिन्याचा कण खरवडायचा, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळायचा आणि हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत ठेवून भट्टीत घालायचा. शिसं आणि हलके धातू वाटी पिऊन टाकते. उरलेल्या मण्यातली चांदी आम्लात विरघळवायची, की राहतं ते निखळ सोनं. आधीचं वजन आणि नंतरचं वजन, यावरून कस. आता बरंचसं काम क्ष-किरणांच्या यंत्रावर होतं. आमच्या फेरीत प्रयोगशाळा नव्हती, तेव्हा ती बघायची आशा धरून जाऊ नका.

"खरवडलेलं सोनं कोणाकडे राहतं?" आईने विचारलं. मी भाषांतर करायला बिचकले, पण बाई खूश झाल्या. त्या कणांना इथे ‘डाएट’ म्हणत, असं त्यांनी सांगितलं. आई मराठीत पुटपुटली, "आमच्याकडे घट म्हणतात, आणि ती बिलात लावतात."

सरकारी टांकसाळीची नाणीही दरवर्षी इथेच पारखली जातात, 1871 पासून. न्यायाधीश बसतो, सोनारांची ज्यूरी बसते आणि रीतसर खटला चालतो, त्याचं नाव ट्रायल ऑफ द पिक्स. आपलंच नाणं खोटं निघालं तर काय, याची इथे सरकारलाही धास्ती.

बाहेर पडल्यावर जेवायला पोस्टमन्स पार्क गाठा. पाच मिनिटांवर आहे, फुकट आहे, बाकं आहेत. आम्ही तिथे धपाटे सोडले आणि मी भिंग काढलं. भिंग नक्की न्या, घरी परतेपर्यंत धीर धरवत नाही. आईच्या नव्या बांगडीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, त्रिकोण, 22 कॅरटचं 22के916 आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, अगदी स्वच्छ दिसला. तिच्या सासूबाईंच्या पाटलीवर आतून-बाहेरून काहीही नाही. "गुजरीतल्या सोनाराने हातात घेऊन बावनकशी म्हटलं, तेवढंच," ती म्हणाली, आणि पाटली पदराने पुसून परत चढवली.

मग माझी अंगठी. लंडनच्या दुकानातून घेतलेली, 375 म्हणजे 9 कॅरट. हा आकडा आईला सांगायची चूक करू नका. "यात सोनं कुठंय?" इथपासून सुरुवात झाली. इथे एक ग्रॅमच्या वरच्या सोन्याच्या वस्तूला ठसा लागतोच, तेव्हा लंडनचा बिबट्या सापडणार म्हणून मी भिंग सरसावलं. बनवणाऱ्याची अक्षरं दिसली, 375 दिसलं, आणि शेजारी बिबट्याच्या जागी जहाजाचा नांगर. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी कचेरी.

आईने भिंग माझ्या हातातून घेतलं, स्वतः खात्री केली आणि विचारलं, "मग बर्मिंगहॅमला कधी जायचं?"