रिचर्ड फ्रेथॉर्न आणि ते चीज

आज दिवसभर डोक्यात तो रिचर्ड फ्रेथॉर्नच आहे. इंग्लंडमधून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया ह्या इंग्रजी वसाहतीत गेलेला तरुण पोरगा, करारावर बांधलेला नोकर, म्हणजे बोटीचं भाडं दुसऱ्याने भरायचं आणि ह्याने वर्षानुवर्षं राबून ते फेडायचं. 1622 च्या शेवटी तिथल्या मुख्य गावापासून, जेम्सटाउनपासून, दहा मैलांवरच्या मार्टिन्स हंड्रेड ह्या वस्तीत पोचला आणि 1623 च्या मार्च-एप्रिलमध्ये आईबापांना पत्र लिहिलं.

खायला काय तर वाटाणे आणि पाण्यासारखी पेज. घरी एका दिवसात खायचो तेवढं इथे आठवड्याला मिळत नाही म्हणतो. स्कर्व्ही (ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने होणारा रोग), रक्ताची हगवण, माणसं पटापट मरतायत. अंगावरच्या एका जोडीशिवाय कपडे नाहीत, एक झगा होता तो सोबतच्याच एकाने ढापला आणि मरेपर्यंत कबूल केलं नाही, पण इतरांनी त्याला जहाजावरून लोणी आणि बीफ आणताना पाहिलेलं, आता पैसे कुठून आले ते उघड आहे ना!

मला खरा धक्का बसला तो चीजच्या भागाने. रडून झाल्यावर, मला सोडवा नाहीतर निदान खायला पाठवा असं विनवून झाल्यावर पोरगा लगेच हिशोबाला बसतो. चीज पाठवलंत तर खूप जुनं, मुरलेलं पाठवा, पिंपात नीट भरा, प्रत्येक चीजच्या मधे लाकडाच्या ढलप्या घाला, नाहीतर जहाजाच्या पोटातल्या उकाड्याने सडेल. पाठवाल ते विकून पैसे तुम्हालाच धाडतो, फक्त नफा मला सुटकेसाठी राहू द्या. उपाशी पोटी एवढं डोकं चालतं बाबा.

बरं वाटावं असा एकच माणूस भेटतो, जेम्सटाउनचा जॅक्सन. माल उतरवायला गेलं की रात्री उघड्या बोटीत झोपावं लागायचं, मग पाऊस असो की बर्फ, तर ह्याने त्याला झोपायला खोपटं बांधून दिलं. वर म्हणाला, आईबापांनी तुला इथे पाठवण्यापेक्षा तुझ्या डोक्यात घाव बसला असता तर बरं झालं असतं.

त्यात हल्ल्याची भीती. शत्रू आले तर तीन हजारांसमोर आम्ही 32, असं लिहितो. 22 मार्च 1622 ला ओपेचँकनो ह्या सरदाराच्या पोव्हाटन लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, हल्ला केला होता, वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीच्या यादीप्रमाणे 347 वसाहतवाले मेले आणि मार्टिन्स हंड्रेडला जबर फटका बसला. पण तंबाखूसाठी ह्या लोकांनी पोव्हाटनांची जमीन बळकवायचा सपाटा लावला होता, मग ते गप्प कसे बसतील? पोराची कीव येते, पण तो ज्या जमिनीवर उपाशी बसला होता ती त्यांची होती, हेही खरंच.

फेब्रुवारी 1624 च्या मृतांच्या यादीत त्याचं नाव आहे. त्याच वर्षी राजाने व्हर्जिनिया कंपनीची सनद काढून घेतली, तंबाखू मात्र जोरात चालू राहिला.